सड्यावरच्या फुलांसाठी जुना कॅमेरा: वीस हजारांच्या आतल्या नोंदी

२१ एप्रिल २०२४

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, कारण पुढची सगळी खरेदी त्यावरूनच ठरणार आहे.

सातारा जिल्ह्यातल्या परळी खोऱ्याच्या डोक्यावरच्या आमच्या माहेरच्या गावाची लोक जैवविविधता नोंदवही नव्याने भरायची आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ही नोंदवही गावोगावच्या समितीने करायची असते. आमच्याकडची आधीची प्रत झाडं, गुरं आणि पिकं यांवर थांबली. सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरची पावसाळी फुलं तिच्यात जवळजवळ नाहीतच. सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू, सगळी नखाएवढी किंवा त्याहून लहान. गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर काढलेले फोटो वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "रंग कळतोय, जात कळत नाही." जात कळायला फुलाच्या मागचा काटा, खालच्या ओठावरचा फुगवटा, देठावरची लव स्पष्ट दिसायला हवी.

बजेट वीस हजार. त्यात कॅमेरा, लेन्स, कार्ड, बॅटरी आणि पावसापासून जपायची सोय, सगळं आलं. पैसे घरचे आहेत, समितीकडे यासाठी काही नाही.

२८ एप्रिल

ओळखीतले सगळे आधी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, कुठली घ्यायची ते सांगतात. मी उलटीकडून सुरुवात केली. एक सेंटीमीटरचं फूल फोटोत भरून दिसायला हवं, तर लेन्स कुठली लागेल?

खरी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं चित्र काढणारी) वापरलेलीही या बजेटमध्ये कॅमेऱ्यासकट बसत नाही. उरतात तीन वाटा. लेन्सच्या तोंडावर क्लोज-अप फिल्टर लावणं, लेन्स उलटी करून बसवणं, किंवा लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये पोकळ नळ्या घालणं. उलट्या लेन्सची मागची काच उघडी राहते आणि आमच्या सड्यावर ऑगस्टमध्ये धुकं अंगावरून वाहतं, म्हणून ती वाट मी सोडली. नळ्यांमध्ये काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा लेन्सचाच राहतो आणि किंमत चारपाचशेच्या घरात.

पण साध्या नळ्यांमुळे कॅमेऱ्याचा लेन्सशी विजेचा आणि छिद्र चालवणाऱ्या दांडीचा, दोन्ही संपर्क तुटतात. मग छिद्र (अ‍ॅपर्चर, लेन्समधून उजेड आत सोडणारं भोक) लहानमोठं कशानं करायचं? इथे निकॉनच्या जुन्या 'डी' प्रकारच्या लेन्स कामाला येतात. त्यांच्या अंगावरच छिद्राची कडी असते. नंतरच्या 'जी' प्रकारात ती नाही, आणि ती लेन्स साध्या नळीवर लावली की छिद्र पार मिटून बसतं. म्हणून लेन्स ठरली: निकॉन ५० मिमी एफ १.८ डी. (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं.)

ज्यांना कॅनन स्वस्तात मिळतोय त्यांच्यासाठी: कॅननच्या ईएफ लेन्सला कडी नसते, पण बॉडीवर एफ ११ लावून, छिद्र दाखवणारं बटण दाबून धरून तशीच लेन्स काढली तर छिद्र तेवढंच राहतं. चालतं, पण सड्यावर वाऱ्यात दर वेळी हे करणं त्रासाचं. विजेचा संपर्क ठेवणाऱ्या नळ्याही मिळतात, त्या महाग पडतात.

लेन्स ठरल्यावर बॉडी आपोआप चाळली गेली. ५० डी लेन्सच्या पोटात मोटर नाही. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीतही नाही, त्यामुळे तिथे ऑटोफोकस होणार नाही. फुलांना तसंही हातानेच फोकस करायचं आहे, पण याच कॅमेऱ्यावर गावातल्या जुन्या झाडांचे, बियाणं जपणाऱ्या बायकांचे फोटोही काढायचे आहेत, तिथे ऑटोफोकस हवा. म्हणजे बॉडीतच मोटर असलेला डी९० किंवा डी७०००. डी९० २००८ चा, १२ मेगापिक्सेलचा. डी७००० २०१० चा, १६ मेगापिक्सेलचा, दोन कार्डांच्या जागा आणि अंगही जास्त टणक. डी७००० शोधायचा.

एक खंत राहणार. डी५३०० ची स्क्रीन बाहेर वळते, डी७००० ची वळत नाही. जमिनीलगतच्या फुलासाठी वळणारी स्क्रीन फार सोयीची. ज्याला फक्त फुलंच काढायची आहेत त्याने डी५३०० चा विचार जरूर करावा.

१२ मे

आठवडा एका माणसाच्या मागे गेला. जाहिरातीत डी७०००, फोटो सुरेख, किंमत आठ हजार. "मी सैन्यात आहे, बदली झालीये, म्हणून घाईत विकतोय." सोबत वर्दीतलं ओळखपत्र. आपल्या जिल्ह्यात घरटी कुणी ना कुणी फौजेत असतो, अपशिंग्यासारखं गाव तर मिलिटरी या नावानेच ओळखलं जातं, त्यामुळे वर्दी बघितली की आपला हात सैल सुटतो. हे लोक नेमकं तेच हेरतात.

मी त्याच्याकडे त्याच कॅमेऱ्यावर आज काढलेला एक जेपीजी मागितला, आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं सांगितलं. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की आतली माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फाइल जशीच्या तशी येते. चार दिवस टाळाटाळ करून आलेल्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचं नाव भलतंच निघालं. पाठोपाठ कुरियरचे पैसे आगाऊ मागणं सुरू झालं. नंबर बंद केला. पैसे गेले नाहीत, वेळ गेला.

तेव्हापासून नियम केला. फाइल आल्याशिवाय पुढचं बोलणं नाही, आणि वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे नाहीत.

१९ मे

शहरातल्या एका ओळखीच्या घरी डी९० आणि १८-५५ लेन्स बघितली. मालक महाबळेश्वरला नोकरीला होते, कॅमेरा सहासात पावसाळे तिथल्या कपाटात. बाहेरून नवा दिसत होता. लेन्सच्या एका टोकाने मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दुसऱ्या टोकाने बघितलं तर आतल्या काचेवर पांढऱ्या धाग्यांची जाळी. बुरशी. ती काचेवरचा लेप खाते, साफ केली तरी डाग राहू शकतो, आणि ओलावा मिळाला की पुन्हा वाढते. बॉडीच्या व्ह्यूफाइंडरमध्येही तसाच एक तंतू होता. काका म्हणाले, "अगं, फोटोत कुठे दिसतंय?" खरंच दिसत नव्हतं, अजून. नमस्कार करून निघाले.

यावरून एक सुचलं. आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत दोन वेगळे मुलूख आहेत. जावळी, महाबळेश्वर, पाटणचा पश्चिम भाग पावसात बुडालेला, आणि माण-खटाव कोरडे. बुरशीला ओलावा लागतो. तर मग जुना कॅमेरा पूर्वेकडे का शोधू नये? म्हसवड, दहिवडी, वडूज, पलीकडे सांगली जिल्ह्यात विटा, आटपाडी. तिकडे लग्नाचे फोटोग्राफर पुष्कळ. त्यांचे कॅमेरे वापरून झिजलेले असतील, पण झीज मोजता येते. बुरशी कधी फुटेल ते मोजता येत नाही.

२ जून

वडूज. कोरेगाव, पुसेगाव करत एसटीने, अर्ध्या तिकिटात. फोटोग्राफर दादांनी आता मिररलेस घेतलाय, म्हणून डी७००० विकायचा होता. मागणी चौदा हजार, फक्त बॉडी. स्टुडिओत बसून तपासायला त्यांनी हवा तेवढा वेळ दिला. काय काय बघितलं ते सविस्तर लिहिते.

आधी बिल, आणि बिलावरचा अनुक्रमांक बॉडीच्या तळाशी असलेल्याशी जुळतो का ते. जुळला.

मग शटर किती वेळा चाललंय. निकॉनच्या फाइलमध्ये हा आकडा असतो, एक्झिफटूल या प्रोग्रामने लॅपटॉपवर दिसतो. दादांचा अंदाज चाळीसेक हजारांचा होता, निघाले ७८,३१४. निकॉनने या बॉडीचं शटर दीड लाख वेळा चालवून पारखलेलं आहे, म्हणजे निम्मं आयुष्य गेलं. दादांना स्वतःलाच नवल वाटलं. "मोजतंय कोण ताई, सीझनला एकेका लग्नात दोन-दोन हजार निघत्यात." कॅननच्या बहुतेक बॉडींचा आकडा फोटोच्या फाइलमध्ये मिळत नाही, कॅमेरा यूएसबीने जोडून वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तयारीने जा.

त्यांची १८-१०५ लेन्स लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो, एफ १६ वर, मुद्दाम फोकस घालवून. सेन्सरवरची (चित्र टिपणाऱ्या पट्टीवरची) धूळ काळ्या ठिपक्यांसारखी उमटते. पाचसहा ठिपके होते, रबरी फुंकणीने निम्मे गेले. उरलेले ओल्या सफाईने जातील, घासल्याची रेघ नव्हती. मग झाकण लावून तीस सेकंदांचा फोटो: दोन-तीन जळके पिक्सेल (अंधारातही चमकणारे ठिपके), या वयाला ठीक.

एकच दृश्य एफ ५.६ आणि एफ १६ वर, कॅमेऱ्याने सांगितलेल्या शटरने. दोन्ही सारखेच उजळ आले पाहिजेत. एफ १६ चा उजळ आला तर छिद्र चालवणारी दांडी वाकलेली असते. सरळ होती. लेन्स काढून माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, कडेचा छोटा स्क्रू बघितला. जुन्या लेन्सचा ऑटोफोकस हाच फिरवतो, आणि माझी सगळी निवड याच्यावर उभी आहे. दादांकडे जुनी लेन्स नव्हती, त्यामुळे लेन्स सुटायचं बटण दाबून तो आत जाऊन बाहेर येतो एवढंच बघता आलं.

दोन्ही कार्डांच्या जागा, सगळी बटणं, फ्लॅश, सलग फोटो. मेनूत बॅटरीची माहिती बघितली: वय ० ते ४ मध्ये दिसतं, ही ३ वर होती. उजव्या अंगठ्याखालचं रबर फुगून सुटलेलं.

बॅटरी आणि रबर दाखवून अकरा हजार मागितले. साडेअकराला जमलं. "लग्नं करून दमलाय तो, पण पाणी कधी लागलं न्हाई. घ्या बिनधास्त," असं म्हणून चार्जर आणि पट्टा वरून दिला. कागदावर अनुक्रमांक, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या.

१६ जून

लेन्स विट्यात मिळाली. स्टुडिओ बंद करून घरी बसलेले एक मामा. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, "लेन्स बिघडलीये, एरर दाखवते, दोन हजार द्या आणि न्या." त्यांच्या डी९० वर लावली तर वरच्या पट्टीवर 'एफईई' लुकलुकत होतं.

हा बिघाड नाही. डी लेन्सची कडी २२ वर फिरवून शेजारची लहान कळ सरकवून कुलूप घालावं लागतं, मगच छिद्राचा ताबा बॉडीकडे जातो. कडी १६ वर होती. २२ वर नेऊन कुलूप घातलं, खर्रकन आवाज करत फोकस झाला. टॉर्चने बघितलं: बुरशी नाही, छिद्राच्या पात्यांवर तेल नाही, मागच्या काचेला थोडी धूळ. मग माझ्या डी७००० वर लावली, तिथेही मोटर व्यवस्थित फिरली.

मामा बराच वेळ लेन्स हातात घेऊन कडी मागेपुढे करत बसले. मी त्यांना म्हटलं, "मामा, लेन्स चांगली आहे, दोन हजारांत घेणं बरोबर नाही." चार हजारांवर दोघांचं समाधान झालं. मामींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

२३ जून

घरी तपासणी. वर्तमानपत्र तिरकं ठेवून एफ १.८ वर ऑटोफोकस: कॅमेरा ज्या ओळीवर फोकस सांगतो त्याच्या मागची ओळ स्पष्ट येत होती. डी७००० मध्ये ऑटोफोकस बारीक सरकवायची सोय सेटअप मेनूत आहे. उणे बाजूला नेत नेत जुळवलं. डी९० मध्ये ही सोय नाही, तो घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

रबराचा नवा तुकडा ३५० रुपयांना मागवला. जुना डिंक स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळवून, दुतर्फी टेपने बसवला. स्पिरिट कापसावर घ्यायचं, बॉडीवर ओतायचं नाही. दुसऱ्या कंपनीची बॅटरी १,३००, कार्ड ६००.

७ जुलै

क्लोज-अप फिल्टरचा संच ६५० रुपयांना घेऊन बघितला, कारण तो लावला की ऑटोफोकस आणि फ्लॅश सगळं चालू राहतं. घरामागच्या आघाड्याच्या तुऱ्यावर लावून बघितला. +१० ताकदीच्या काचेने फुलाच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते आणि चौकटीचे कोपरे फरफटल्यासारखे दिसतात. फुलाचा रंग हाच जातीचा पुरावा असेल तर अशी किनार चालणार नाही. ६५० रुपये वाया. दोन काचा जोडून केलेले चांगले फिल्टर असतात, त्यात ही किनार कमी येते, पण ते स्वस्त नाहीत.

नळ्या आल्या, ४८० रुपये: १२, २० आणि ३६ मिमी. ३६ ची लावली की फुलाची सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या पाऊणपट होते, चौकटीत सव्वातीन सेंटीमीटर रुंदीचा भाग मावतो. तिन्ही लावल्या तर साधारण पावणेदोन सेंटीमीटर. सीतेच्या आसवांना मला एवढंच हवं होतं.

१४ जुलै

नळ्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोच्या मधोमध दुधाळ डाग. लेन्स पुसली, छिद्र बदललं, डाग जाईना. शेवटी लेन्स काढून नुसत्या नळीतून खिडकीकडे बघितलं: आतली भिंत चमकत होती. काळा रंग आहे, पण गुळगुळीत. उजेड त्यावरून परावर्तित होऊन थेट सेन्सरवर पडत होता.

राजवाड्याजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून काळा मखमली कागद आणला. तिन्ही नळ्यांच्या उंचीच्या पट्ट्या कापून आतून चिकटवल्या, कागद आणि टेप मिळून ८० रुपये. माउंटच्या कड्यावर कागद येऊ द्यायचा नाही, नाहीतर नळी घट्ट बसत नाही. कापताना उडालेले मखमलीचे तंतू सेलोटेपने टिपून घेतल्यावरच नळी बॉडीला लावायची. डाग पूर्ण गेला. स्वस्त नळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हे करावं, मग लेन्सला दोष द्यावा.

२८ जुलै

पाऊस थांबायचं नाव घेत नाही, घरातल्या आर्द्रतामापकावर काटा ८५ वर. कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात, सोबत निळं सिलिका जेल आणि तोच छोटा मापक. सगळं मिळून ७५० रुपये. डब्यात ४० ते ५० ठेवतेय. खडे गुलाबी झाले की मंद आचेवर जुन्या तव्यात परतून पुन्हा निळे करायचे (तो तवा स्वयंपाकाला परत घ्यायचा नाही). वडूजच्या कोरड्या हवेत दहाएक वर्षं राहिलेली बॉडी आपल्याकडे येऊन एका पावसाळ्यात बुरशीला द्यायची नाही, याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे.

१८ ऑगस्ट

सड्यावर पहिली खरी फेरी. उजेड कमी, वारा जोराचा. नळ्या लावल्यावर सेन्सरपर्यंत पोचणारा उजेड खूप घटतो. एफ ११ लावलं तरी प्रत्यक्षात परिणाम एफ २५ सारखा होतो. हातात धरून एकही फोटो कामाचा आला नाही.

दुपारपर्यंत बसलेली पद्धत अशी. कॅमेरा एम मोडवर, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं. मुगाची पिशवी प्लास्टिकमध्ये बांधून उघड्या कातळावर ठेवायची, तिच्यावर कॅमेरा. लेन्सची कडी एफ १.८ वर, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर थेट दिसणाऱ्या चित्रात) उजेड भरपूर. मोठं करून फोकस. फोकस लेन्स फिरवून होत नाही, कॅमेराच केसभर मागेपुढे सरकवायचा. मग कडी हळूच एफ ११ वर आणि शटर. एफ १६ वर नेलं की सगळंच मऊ पडतं, तो मोह टाळायचा.

वाऱ्याचा इलाज फ्लॅश. बॉडीवरचाच, हाताने ठरवलेल्या ताकदीवर, १/८ ते १/१६. पण फूल लेन्सच्या तोंडापासून बोटभरावर, त्यामुळे नळ्यांची सावली नेमकी फुलावर पडते. श्रीखंडाच्या डब्याच्या पांढऱ्या झाकणाला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडून ते लेन्सभोवती बसवलं. उजेड झाकणातून पसरून येतो, सावली गेली, आणि दवबिंदूच्या चिकट थेंबांवरची टोचणारी चमकही कमी झाली.

पाय कुठे ठेवायचा हे फोटोइतकंच महत्त्वाचं. सड्यावर मातीचा थर बोटभर असतो, एक पाऊल पडलं की त्याखालची रोपं त्या वर्षापुरती संपली. कातळावरून पोचता येत नसेल तर ते फूल सोडून दिलं. स्क्रीन वळत नसल्याने मान खूप दुखते. खिशातला छोटा आरसा स्क्रीनसमोर धरून थोडं भागतं, पण सगळं उलटं दिसतं.

८ सप्टेंबर

सरांनी फोटो बघितले. सीतेच्या आसवांच्या दोन वेगळ्या जाती आहेत हे त्यांनी काट्याच्या बाकावरून आणि ओठावरच्या फुगवट्यावरून लगेच दाखवलं. आम्ही गावात दोन्हींना एकच समजत होतो. दवबिंदूचं पान केसाकेसासकट आलंय, त्याची नोंद पक्की झाली.

गेंदाच्या बाबतीत मात्र ते स्पष्ट बोलले. त्यातल्या बऱ्याच जाती फुलांचे सूक्ष्म भाग आणि बियांचं कवच सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरतात, फोटो कितीही चांगला असला तरी पुरणार नाही. त्या नोंदीपुढे "गेंद, जात अनिश्चित" असंच लिहायचं ठरलं. आणखी एक सूचना त्यांनी केली: प्रत्येक फोटोत मोजमाप हवं.

खर्च, प्रवास सोडून: बॉडी ११,५००, लेन्स ४,०००, नळ्या ४८०, फिल्टर ६५०, मखमली कागद आणि टेप ८०, रबर ३५०, बॅटरी १,३००, कार्ड ६००, डबा, सिलिका आणि मापक ७५०. एकूण १९,७१०.

१५ सप्टेंबर

मिलिमीटरच्या आलेखकागदाच्या पट्ट्या लॅमिनेट करून घेतल्या. प्रत्येक फुलाचा एक फोटो पट्टीसह, एक पट्टीशिवाय. लॅमिनेशनवर फ्लॅशची चमक येते, म्हणून पट्टी थोडी तिरकी धरावी लागते. ज्या नोंदींत मोजमाप नाही त्या फुलांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर केली आहे. सोनकी फुलायला लागलीय, तेरडा ओसरतोय, त्यामुळे आधी तेरड्याच्या बाजूचं उरलेलं काम.